सातव्या वर्षापासूनचा अनुभव

हॅलो?… व्हय, पेणचा कारखानाच. गुणाजी बोलतोय… कोण, प्रतिक्षा? बोल गो पोरी… तुझा नवरा इथंच हाय. माझ्यापासून दहा हातांवर बसून गणपतीचे डोळे आखतोय. देऊ त्याला?… नको? माझ्याशीच बोलायचंय?… मग बोल की. अडखळतेस कशाला?

हं… हं… जर्मनीच्या कंपनीची मेल आली. तीच ना, नकली डोळे बनवणारी? अपघातात माणसाचा डोळा गेला की बसवतात, तो… व्हय, ठाऊक हाय मला. नोकरी पक्की, कामाचा परवाना तेवढा बाकी… काय? परवाना अडला? कशापायी?

माझ्या पत्रापायी?… थांब, थांब. अगो, ते पत्र मी दोन दिवस बसून लिवलंय. सही केली, कारखान्याचा शिक्का मारला…

व्हय, लिवलं तसं. ‘विशाल वयाच्या सातव्या वर्षापासून आमच्याकडे मूर्तिकाम करतो.’ मग? अनुभव जास्त दिसला तर बरंच ना… काय विचारतात ते?… सात वर्षांच्या पोराला कामाला जुंपलं?… कोणी, मी?

नाय गो, रागावलो नाय. हसतोय… अगो, बाप त्याचा इथंच कामाला. शाळा सुटली की बापाशेजारी येऊन बसायचा तो. उरलेली शाडू घ्यायचा नि उंदीर करायचा. एकालाही शेपूट नाय. वर माझ्या चहाची बिस्किटं संपवायचा. कोणी कोणाला राबवलं, सांग.

पण मेल आली कधी?… परवा? आणि दोन दिवस हा माझ्यासमोर तोंड शिवून बसलाय?… ‘काकांना वाईट वाटेल’ म्हणून रोह्याला माहेरी गेलेल्या बायकोला फोन करायला लावला. वा रे पठ्ठ्या… बघतोय, चोरून बघतोय इकडं. कान लाल झालेत त्याचे.

कधीपर्यंत पायजे?… शुक्रवार? नायतर दुसरा माणूस घेणार?… आज बुधवार. मग वेळ कशाला घालवतेस, कागद घे. मी सांगतो, तू लिही. सही-शिक्का उद्या करतो.

‘सातव्या वर्षी खेळायला येत असे’… नको? वयाची गोष्टच नको? बरं, खोड. ‘दोन मे दोन हजार चौदा, अक्षय तृतीया, वय वर्षं एकोणीस, त्या दिवसापासून पगारावर’… तारीख कशी विसरेन गो? त्या दिवशी डोळ्यांच्या आखणीचा ब्रश मी त्याच्या हातात दिला. माझा हात तेव्हा कापायला लागला होता… पुढं लिही. ‘याच्यासारखे डोळे आमच्या कारखान्यात दुसरं कोणी आखत नाय.’

…आहे, आहे. लाइन गेली नाय… व्हय, रडतोय थोडा. लपवायचं काय त्यात? सुनं वाटणार गो मला. पण तिकडं एखादी बाई आरशात बघेल नि तिला पयल्यासारखं वाटंल. आपल्या विशालच्या हातानं. त्याला अडवून मी कुठं तोंड दाखवू?

यंदा?… गणपती दीड महिन्यावर आले, म्हायत हाय मला. आखणी तू करणार…

अगो ऐक ना… ऐक तर. ‘मला कुठं येतं’ म्हणू नको. गेल्या साली विशालचे डोळे आले होते, आठवतंय? तीन दिवस डोळा उघडत नव्हता त्याचा. तरी चाळीस मूर्ती आखून तयार. कोणी आखल्या?… डबा घेऊन यायचीस, मी जेवून आडवा झालो की ब्रश घ्यायचीस. मी झोपलोच नव्हतो गो.

फरक कळतो का म्हणजे? विशालचा गणपती जरा खाली बघतो. तुझा सरळ समोर बघतो. जन्म गेला माझा यात… नाय, तक्रार एकाचीही नाय. एक आजी तर म्हणाली, यंदा देव माझ्याकडंच बघतोय.

अरे व्हय… ते वाक्य खोटं ठरलं की. बदल. ‘त्याच्या बायकोशिवाय दुसरं कोणी आखत नाय’… हसू देत जर्मनीवाल्यांना. मी खोटं लिवणार नाय.

आता दुसरा कागद घे… घे तर. ‘प्रतिक्षा, आखणीच्या कामावर रुजू.’ तारीख उद्याची घाल. गेल्या सालचे ते तीन दिवस धरू नको, ते चोरून केलेले… कशाला म्हणजे? उद्या तुलाही नवऱ्यापाठी तिकडं जायचं झालं, तुझाही परवाना निघायचा झाला, तर पत्रात घोळ नको. वय काय तुझं?… सव्वीस. ते सगळ्यात वर लिही, मोठ्या अक्षरात.

चल, सकाळच्या गाडीनं ये. दोन्ही कागद आण… पुरे आता, रडू नको. ठेवतो.

विशाल, ये रे इकडं. हात धू नि बिस्कीट घे.