चपलांच्या रॅकवरचा फळा

कमलताईंच्या आई अव्वा, बंधू आण्णा, आमचे साहेब, आणि माझ्या सगळ्या पाळ्यांतल्या भावाबहिणींनो,

बोलायला उभा राहिलोय खरा. मी शिवाजी पोवार, इथला शिफ्ट ऑपरेटर. मला मशीनपुढं बसायची सवय, माणसांपुढं उभं राहायची नाही. मगाशी ऑफिसातून माझ्या हातात एक कागद दिला. दुखवट्याचा ठराव. म्हणाले, पोवार, एवढं वाचा आणि बसा. त्यात लिहिलंय, कमल मगदूम या शांत, मितभाषी आणि आज्ञाधारक कर्मचारी होत्या.

शांत? कमलताई शांत? अहो, आत एसी एवढा घरघरतो, त्याच्यावरून त्यांचा आवाज खालच्या चहाच्या गाड्यापर्यंत जायचा. आणि आज्ञाधारक? सूर्य मावळायच्या आत जेवायचं, हा त्यांचा नेम. जैनाघरचा नेम. एकदा मीटिंग लांबली, साहेब काही थांबेनात. बाईंनी तिथंच टेबलावर डबा उघडला, भाकरी मोडली आणि म्हणाल्या, "तुमचं चालू द्या साहेब, माझं कान जेवत न्हाईत." ही बाई आज्ञाधारक? हा कागद मी वाचणार नाही. घडी करून खिशात ठेवलाय. माणूस गेलं म्हणून त्याला भलतंच माणूस करून टाकायचं का?

आज ताईंच्या गावाहून, कुरुंदवाडहून पाहुणे आलेत. त्यांना माहीत नसेल, ताई इथं काय करायच्या. त्या सिस्टीम सुपरवायझर होत्या. हे आत जे मोठं मशीन आहे, त्याच्यावर सगळ्या विभागांची कामं एकाच वेळी चालतात. त्याची जागा कोण किती वापरतंय, ते बघायचं काम त्यांचं. टर्मिनलवर कमांड दिली की आकडे यायचे. डिस्क किती भरली, कुणी भरली, चालू कामांनी किती मेमरी धरून ठेवलीय. मी नवा होतो तेव्हा मला काही कळेना. तर म्हणाल्या, "वाडीच्या देवळातली पंगत बघितलीस न्हवं? मेमरी म्हंजे पंगत. जेवलास की ऊठ, पुढच्याला बसू दे. आन् डिस्क म्हंजे घरातली कोठी. तिथं ठेवलेलं कुणीतरी भायेर काढल्याबिगर जात न्हाय. जेवून झाल्यावर पाट अडवून कोण बसलाय, कोठीत कुणाचं मोडकं सामान पडलंय, एवढं रोज बघायचं." त्या दिवसापासून मला हे मशीन कधी अवघड वाटलं नाही.

आणि बघून गप्प बसायच्या नाहीत. हा फळा बघा, माझ्या मागं. खाली चपलांचा रॅक. मशीनला धूळ चालत नाही म्हणून इथं सगळ्यांनाच चपला काढायला लागतात. शिपाई असो नाहीतर साहेब, वाकायचं, चपला ठेवायच्या, मान वर केली की समोर फळा. ताई रोज सकाळी येऊन त्याच्यावर लिहायच्या. विभागाचं नाव, आणि पुढं त्यानं अडवलेली जागा. कुणाला शिवी नाही, कुणाला टोमणा नाही. नुसते आकडे.

आमच्याकडं एक खोड आहे. आहे की नाही सांगा? फाईल पुसायची नाही. "असू द्या की, लागंल कधीतरी." चाचणीची फाईल, तिची नक्कल, त्या नकलेची नक्कल. फळ्यावर नाव दिसलं की मात्र माणसं लाजून पुसायची. अकौंटवाले पुसायचे, स्टोअरवाले पुसायचे. एकच विभाग पुसत नव्हता. नियोजन विभाग. खुद्द साहेबांचा.

एके दिवशी बाहेरून बडे पाहुणे मशीन बघायला आले. चपला काढल्या, मान वर केली. एकानं विचारलं, "नियोजनवाल्यांनी एवढी जागा कशाला हो अडवलीय?" साहेब तेव्हा हसले. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. वापराचे आकडे गोपनीय. फळ्यावर लिहायचे नाहीत. टर्मिनलवरसुद्धा फक्त साहेबांनाच दिसतील. आणि मोकळ्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहायचा!

ताई केबिनमध्ये गेल्या. मी दारात होतो, माझ्या कानांनी ऐकलंय. म्हणाल्या, "साहेब, फळा पुसा. तुमचा फळा हाय. पर माझं डोळं का काढून घेताय? मला तरी आकडं दिसू द्यात." उत्तर काय मिळालं? "वेळ आली की आम्ही कळवू." त्यानंतर ही बाई रोज विचारत होती. साहेब, आज आकडे बघितले का? साहेब, डिस्कवर जागा हाय का? रोज एकच उत्तर. बघतो.

मित्रांनो, कुणी बघितलं नाही.

मग कॉलेजांच्या निकालाचं काम आलं. दुपारची वेळ, माझीच पाळी. काम चालू असताना मशीन मधेच थांबलं. डिस्क भरली. लिहायला जागाच शिल्लक नव्हती. अर्धे निकाल झालेले, तेही वाया. पहिल्यापासून सुरुवात. खाली रस्त्यावर पोरं जमली, पोरांचे आईबाप जमले, नुसता आरडाओरडा. जागा मोकळी करायला मीच बसलो होतो. कशानं भरली होती डिस्क? नियोजनच्या नकलांनी. नकलांच्या नकलांनी. मी माझ्या हातानं पुसल्यात त्या.

आणि मेमो कुणाला? कमलताईंना. "देखरेखीत निष्काळजीपणा." आता काय म्हणायचं ह्याला? तुम्हीच सांगा. माणसाच्या डोळ्याला पट्टी बांधायची आणि ठेचकाळलं की म्हणायचं, ह्याला बघून चालता येत न्हाय? माझी भाषा सुटायला लागलीय, सुटू दे. बाईला मशीनवरनं काढलं आणि स्टेशनरीच्या खोलीत बसवलं. प्रिंटरच्या रिबिनी आन् कागदाची खोकी सांभाळायला. तिथं बसून पण त्या आम्हाला विचारायच्या, "शिवाजी, पंगत कशी चाललीय रं?"

आन् पुढचं ऐका. त्या मशीनवरनं गेल्या आणि थोड्याच दिवसांत परिपत्रक आलं. आकडे आता प्रत्येक पाळीच्या ऑपरेटरला दिसणार. मला दिसणार! जे दाखवा म्हणून ती बाई रोज दारात उभी राहत होती, ते आम्हाला न मागता दिलं. परिपत्रकाचं नाव काय, तर 'नवी व्यवस्था'. नवी? कमलताईंचं नाव हाय का त्यात कुठं? न्हाय. साहेब, रागावू नका. न्हायतर रागवा, आज मला फिकीर न्हाय. आकडे दाखवणं चुकीचं होतं तर आता का दाखवताय? बरोबर होतं तर तो मेमो अजून बाईंच्या फाईलीत कशाला हाय?

परवा सकाळी ताई कामावर यायला निघाल्या आणि राजारामपुरीत बसच्या थांब्यावर कोसळल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. ऑफिसनं मारलं, असं मी म्हणत न्हाय. ते मला माहीत न्हाय, आणि जे बघितलं न्हाय ते बोललेलं कमलताईंना चालायचं न्हाय. पण निष्काळजी हा शब्द उरावर घेऊन त्या गेल्या, हे मी बघितलंय. त्या हुकमानंतर ज्या फळ्यावर त्यांना एक आकडा लिहू दिला न्हाय, त्याच फळ्यावर आज रंगीत खडूनं त्यांचं नाव काढलंय. भोवती वेलबुट्टी पण काढलीय. लाज वाटते हो बघताना.

काल कुरुंदवाडला, नदीवरचे विधी उरकून परत आल्यावर, ह्या अव्वांनी, ताईंच्या आईंनी, माझा हात धरला. म्हणाल्या, "बाळा, तू तितलाच न्हवं? गावात म्हणत्यात, माझ्या लेकीनं मशीन बिघडवलं. खरं हाय व्हय?" घरात सगळे रडत होते, माझ्या तोंडातनं शब्द फुटला न्हाय. म्हणून आज सगळ्यांदेखत सांगतो. न्हाय, अव्वा. तुमच्या लेकीनं काय बी बिघडवलं न्हाय. बिघडणार हाय, हे ओरडून सांगणारी इथं ती एकटीच होती.

पण माझं उत्तर म्हणजे एका ऑपरेटरचं उत्तर. ते गावात चालायचं न्हाय, आणि फाईलीत तर न्हायच न्हाय.

आता दोन मिनिटं उभं राहू या. आत मशीन चालू हाय, त्याचा आवाज येईल, येऊ दे. तो आवाज ताईंच्या ओळखीचा होता. आणि साहेब, दोन मिनिटं झाली की लगेच हार नको, ठराव नको. पहिला शब्द तुमचा असू दे. अव्वा पुढंच बसल्यात. त्यांनी काय विचारलंय, ते तुम्ही आत्ता ऐकलंय.

उठा, मंडळी.