आबांचा नारळ आणि संज्याचा सुपरचार्जर

हसू नका, संज्याच्या गाडीचं सांगतो. त्याची जुनी गाडी जोतिबाचा घाट चढायची न्हाय, आणि त्याच्या आबांना एकदा नवसाचा नारळ द्यायला वर जायचं हुतं. आबांची छाती शिरोलीच्या फौंड्रीतल्या धुरळ्यानं गेलेली, ऑक्सिजनच्या मशीनची नळी कायम नाकाला. मग संज्यानं इंजनात जादा हवा कोंबणारा इलेक्ट्रिक सुपरचार्जर बसवला. आबांचं मशीनबी गाडीच्याच बॅटरीवर जोडलं.

मी मागं आबांजवळ, नारळ त्यांच्या मांडीवर. घाटात संज्यानं अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी काय उचलली म्हणून सांगू! तेवढ्यात आबांचं मशीन पीं पीं करून बंद. सुपरचार्जरनं सगळा करंट ओढला की!

"संज्या, पाय काढ!" मी वराडलो.

पाय काढला, तसं मशीन चालू, पण गाडी मेली. परत दाबला, परत तेच.

आबा म्हणाले, "मशीन ऱ्हाऊ दे. गाडी चढू दे."

संज्यानं गाडी खाली वळवली. महिनाभरातच, गेल्या आठवड्यात आबा गेले.

परवा त्याला म्हटलं, "काढून टाक की आता तो सुपरचार्जर."

"न्हाय," म्हणाला. "सुतक फिटलं की नारळ वर न्यायचाय. आता सगळा करंट गाडीलाच हाय."