जुन्या विहिरीतली पोकळी

न्हाई न्हाई मॅडम, पेटी मंग उचला, आधी मला सांगा — वीस दिवस ही आमच्या नव्या विहिरीच्या तळाला बसून बाजूच्या बुजवलेल्या विहिरीकडं बघून राह्यली, काय दिसलं हिला? तुम्हीच म्हणल्तात ना — लांब कुठं तारा फुटतो, तिथले कण आपल्या हवेवर आदळतात, त्यातून हे म्युऑन नावाचे बारके कण निघतात, ही पेटी तेच मोजते, अन् करंगळीच्या नखातून मिनटाला एक आरपार जातो — बाप रे, मी तर दोन दिवस नखच बघत बसलो! — माती जाड असली तर कमी येतात, पोकळी असली की जास्त. बराबर? मंग जास्त आले का? मान हलवली तुम्ही... म्हणजे आत पोकळी हाय?

त्या विहिरीत आमचा देवानंददादा हाय, अख्ख्या गावाला ठाऊक हाय. नऊ वर्षं झाली. आम्ही खोदून राह्यल्तो, सुरुंग उडाला, कड ढासळली. केशरवहिनीला मीच सांगितलं — दादा जागीच गेला, तरास झाला न्हाई. त्या बोलावर बाईनं नऊ वर्षं काढली. — तो खाली असताना सुरुंग पेटवलाच कसा, म्हणता? क्रेनवर मी होतो. आमच्यात माणसं न्हाई मोजत, चपला मोजतात — उतरणारा काठावर काढतो, वर आला की घालतो. काठ मोकळा, म्हणजे खाली कुणी न्हाई. मी बघितलं, काठ मोकळा. दिला सुरुंगाचा इशारा. अन् दादाच्या चपला माझ्या पायात होत्या हो! माझ्या चपलेचा अंगठा तुटल्ता, सकाळी त्यानंच दिल्त्या — घाल म्हणला सूरज, तुला दिवसभर उन्हात उभं ऱ्हायचंय.

दुसऱ्या दिवशी पोकलेननं माती उपसताना आतून ठकठक आली. सगळे वाकून ऐकाया लागले. मीच म्हणलो, दगड बसून राह्यलेत, पोकलेन चालू ठेवा — का म्हणलो? भ्यालो. जिता निघाला तर पहिलं विचारणार, कुणी मोजलं रे? पोकलेन चालू राह्यलं अन् उरलेली कड पण खाली गेली. मंग ठकठक न्हाई आली.

हे मी कुणाला बोललो न्हाई. तुम्हालाबी न्हाई बोललो, समजलं? — अरे देवा, वहिनीच येऊन राह्यल्या बांधावरून, तुमच्या पेटीचंच विचारणार. मॅडम, पाया पडतो तुमच्या, आत सगळी मातीच हाय म्हणा, ठासून भरल्याली. एवढं म्हणाल ना? ...म्हणाल ना?

या वहिनी, या. मॅडम निघाल्यात, जल्दी हाय त्यांना.