बोहनीचा डंख

...म्हंजे मलेच सांगून राहिली ना ती डॉक्टरीनबाई, का काका, माशीनं तुम्हाले नाही पाडलं, तुमच्याच रक्तानं पाडलं! आता बोला! डसली माशी, सुजलो मी, आन नाव कोनाचं? रगताचं! तुम्हाले सांगतो, मले काही हे पटून नाही राहिलं!

मी बिसराम. नवेगाव बांधच्या जंगलात आग्या मोहोळ काढतो, माहा बाप केशोराव बी तेच करे. आन आमच्या घरची रीत हाय, हंगामाच्या पयल्या झाडावर चढाच्या आंधी एक माशी धराची न मनगटावर मुद्दाम डसून घ्याची. बोहनी! बाप म्हने, "घे रे एक, आंग पक्कं होते, मंग अख्खं मोहोळ तुले घरचा समजते." जल्मभर बोहनी घेतली, काही झालं? चुना लावला, चढलो! आन यंदा... एका माशीत, एकाच माशीत! ओठ भज्यावानी फुगले, अंगभर गांधी उठल्या, श्वास तं आतच येईना, झाडाखालीच आडवा! शेजारच्या भैयाजीनं फटफटीवर टाकून दवाखान्यात नेलं म्हनून वाचलो. मले पयला डाऊट आला चुन्याचा. घरी आल्याबरोबर बायकोले इचारलं. तं जमुना म्हंते, "ज्या डबीतला रोज तंबाखू-सुपारीच्या खर्र्यात खाता, त्याच डबीतला होता!" आता काय बोलता?

मंग गोंदियाच्या त्या मोठ्या डॉक्टरीनबाईकडं गेलो. ती म्हंते, "देखो काका, रक्तात अँटीबॉडी म्हणून पहारेकरी असतात. माशीच्या विषातल्या प्रोटीनचा एखादा कोपरा ते ओळखून ठेवतात. पुन्हा तोच कोपरा हाती लागला, की सगळ्या शरीरात बोंब!" मी म्हनलं, पुरा चेहरा नाही पाहात का? "नाही हो, फक्त कोपरा. नाकावरून माणूस ओळखावा, तसं." घ्या! म्हंजे माह्या अंगात असा शिपाई पोसला मी, जो नाकाच्या शेंड्यावरून चोर ठरवते आन त्याले पकडासाठी मालकाचंच घर पेटवते! आन जमुना तिथं तोंडाले पदर लावून हासून राहिली, "मॅडम, हे रगत तं यायच्यावरच गेलं जी! भाजीवाल्या शकुंतलाबाईनं एकदा सडके वांगे देल्ले, तं आता बजारात तिचं लुगडं दिसलं तरी हे वरडतेत!" वरडतो! मंग? सडके वांगे खाऊ?

आन इलाज काय सांगतला, आयका... तेच जहर! सुईतून! थोडं थोडं, सालोसाल! मंग म्हने दुसऱ्या जातीचे पहारेकरी तयार होते, ते पयले धावते न तो कोपरा झाकून टाकते, पयल्याले सापडूच देत नाही. मी ताडकन उभा! बाई, हेच तं माहा बाप करे! ती म्हंते, "काका, तुमच्या बाबांचं अंदाजे. आमचं मापून, आणि डॉक्टर बाजूला उभा. तुम्ही वर्षातून एकदा डसून घेऊन त्या पहारेकऱ्याला फक्त चिडवलं." बापाची रीत एका वाक्यात उडवली बाईनं! मले काही हे पटून नाही राहिलं!

मी इचारलं, आन नाही घेतली सुई तं? तवा नाही हासली ती. म्हंते, "मग जंगल सोडा. पुढचा डंख दवाखान्यापर्यंत पोचू देणार नाही."

जंगल सोडू? आन करू काय? मोहोळाबिगर मले येते काय?

तवापासून जाऊन राहिलो. सुई टोचली का बाकड्यावर बसवते, म्हातारा पडते का टिकते ते पाहाले! मले सुईचा डाऊट, बाईचा डाऊट, त्या दुसऱ्या पहारेकऱ्याचा तं लयच डाऊट. आला का तो? कोनं पाह्यला? मले काही हे पटून नाही राहिलं! काल जमुना म्हंते, "पटत नाही तं दर खेपेले बाही कायले वर करून देता जी?"

अवो, बाकी साऱ्याचा डाऊट हाय... मराची तेवढी खात्री हाय!