पाठ दुखते का? हो किंवा नाही

मी मूळची माणातली, दहिवडीकडची. आमचा बा मेंढरं राखायचा, लंगडं कोकरू असलं की माझ्याच खांद्यावर, तवा उचलायची सवय ल्हानपनापासनं हाय म्हना. लगीन होऊन कराडला आली, मालक वारल्यावर एका खाजगी दवाखान्यात मावशी म्हनून लागली, त्याला अठरा वर्सं झाली. मावशी म्हंजी काय, तर पेशंटला कुशीवर वळवायचं, बेडपॅन द्यायचं, खाटंवरनं स्ट्रेचरवर घ्यायचं. त्यो शंभर किलूचा असला तरी डाक्टर नुसतं बोट करनार, मावशी, जरा वर घ्या. जरा! आन आमाला बसायला खुर्ची न्हाई. वॉर्डातलं स्टूल पेशंटच्या मानसांचं, आमी जिन्याच्या पायरीवर बसायचं, त्येबी सायब दिसला की उठायचं.

काय सांगू तुमास्नी, मागल्या साली पुन्याचा कोन शाना आला, बसायचं कसं त्ये शिकवायला. आवं, सा म्हयन्याचं पोर आपसूक बसतंय, त्याला शिकवनी लागती व्हय? आमा बारा मावश्यास्नी पुढं उभं केलं, उभं बरं का, आन ह्यो गुबगुबीत फिरत्या खुर्चीत बसून सांगतोय, कंबर सरळ, मान ताठ, पाय टेकल्यालं. मी बाजूला हुबी मावशी, शेवंता, तिला म्हनलं, ह्येला आदी एक पेशंट उचलाया लाव, मग बघू ह्येची मान कुटं ऱ्हाती.

मग कागद वाटलं. पाठ दुखते का, हो किंवा नाही. ज्येची दुखती त्येला नवी खुर्ची. आमी पडलो ठेकेदाराची मानसं, दुखती म्हनलं की त्यो म्हननार, जावा घरी, दुसरी आनतो. बाराजनींनी नाही लिवलं. शेवंता कमरंला पट्टा आवळून उभी, तिनं बी नाही लिवलं! बिलाच्या खिडकीवरल्या पोरांनी समद्यांनी हो लिवलं, खुर्च्या त्यास्नी मिळाल्या. आन त्या तिसऱ्या मजल्यावर न्हेल्या कुनी? आमीच, जिन्यानं, लिफ्ट पेशंटला लागती म्हनून. लोक सायबाला नावं ठेवत्यात, मी पयली आमास्नीच ठेवती, आमच्यासारखी मेंढरं माझ्या बानं बी राखली नसत्याली.

औंदा माझा उजवा पाय बधिर पडाय लागला. एक म्हातारी हातातनं सुटता सुटता ऱ्हायली, शेवंतानं धरली म्हनून, न्हाईतर तिचा खुबा मोडला असता आन ते पाप माझ्या डोक्यावर. त्येवढ्यात कागद परत आला. मी म्हनलं, बायानू, औंदा खरं लिवा, बाराच्या बारा काढून ठेकेदार सोता बेडपॅन धरनार हाय का? समद्या व्हय व्हय म्हनल्या. गोळा झाल्यालं कागद बघितलं तर हो एकच, माझा. दुसऱ्या दिशी ऑफिसातल्या मॅडम गोड हासून म्हनल्या, मावशी, लय केलंत, आता घरी आराम करा.

तर करतीया आराम. शेवंता येती आयतवारी, माझी पाठ चोळून देती, वर बघत न्हाई. मी बी राग काढत न्हाई, आता काढून काय हुनार. परवा म्हनलं, बस की गं घडीभर. तर म्हनली, नगं आक्का, एकदा बसलं की मला उठवत न्हाई. देव तिचं बरं करू दे.