गच्चीवरची पवनचक्की

दिनकर : वारा कुणाच्या बापाला भीत नाही. तो फक्त विज्ञानाचं ऐकतो. हवामान खात्यात उभी हयात गेली माझी.

साधना : हिशेब विभागात.

दिनकर : खातं तेच ना.

साधना : त्याच खात्याच्या जोरावर शेजारच्या सोनमभाभींचा कडुनिंब पाडायला निघालात. उद्या करवतवाला येतोय, आणि मला हे भाजीवाल्याकडून कळतं.

दिनकर : त्या स्वतः हो म्हणाल्या.

साधना : 'भाईसाब मौसम विभाग में थे, गलत थोड़े ही बोलेंगे.' डोळे पुसत त्या भाजीवाल्याला म्हणाल्या. जयपूरला बदली झाली तेव्हा मला दुकानात धड नमक मागता येत नव्हतं. अख्ख्या झोटवाडा वस्तीत त्यांनी एकट्यांनी मला जवळ बसवून बोलायला शिकवलं, त्याच झाडाखाली.

दिनकर : अगं, ऐक तरी. मोकळ्या माळावर वारा सरळ धावतो. घरं, टाक्या, झाडं आली की खालचा वारा ठेचकाळतो, गरगरतो. कडुनिंब आडवा येतो म्हणून आपली पवनचक्की फिरत नाही.

साधना : दाखवा.

दिनकर : वारा कसा दाखवू?

साधना : ही उदबत्ती घ्या. आधी कठड्याशी धरा, झाडाच्या बाजूला.

दिनकर : धरली. धूर सरळ घराकडे येतोय.

साधना : झाडावरून येऊनही सरळ?

दिनकर : हो. म्हणजे, आत्तापुरता.

साधना : आता चक्कीपाशी.

(दिनकर जिन्याच्या खोलीमागे, चक्कीजवळ जातो. खोकतो.)

साधना : काय झालं?

दिनकर : धूर उलटा तोंडात आला.

साधना : का?

दिनकर : वारा जिन्याच्या खोलीवर आपटतो, वरून उडी मारतो आणि मागे पडून गरगरत बसतो.

साधना : जिन्याची खोली सोनमभाभींनी बांधली का?

दिनकर : चक्की रस्त्यावरून दिसायला हवी होती, म्हणून इथे खोलीमागे बसवली.

साधना : चार माणसांनी मान वर करावी म्हणून तुम्ही त्या बाईचं झाड पाडणार होतात. आधी करवतवाल्याला फोन. मग खाली जाऊन भाभींना हे सगळं सांगायचं. हिंदीत. पुटपुटायचं नाही.

दिनकर : चक्की टाकीवर चढवली तर...

साधना : अहो.

दिनकर : जातो. फार रागावल्या असतील का गं?

साधना : रागावलेय मी. त्या चहा देतील. तो प्यावा लागेल तुम्हाला.

दिनकर : बरं. जरा ही उदबत्ती धर. चप्पल घालतो.