हिरव्या बसला हात

अहो आजी, नको, ते येन ठेवा परत पाकिटात — भाड्याच्या पेटीवर टॉवेल टाकलाय तो काय शोभेला? संप आहे आमचा. हो, संप, आणि बस चालू! बस बंद ठेवली तर तुम्ही दवाखान्यात जाणार कशा? म्हणून बस चालवायची, भाडं घ्यायचं नाही. भुर्दंड मालकाला. संत्रीसुद्धा नकोत — बरं, ठेवा तिथं, तुम्ही काय ऐकणार आहात! सुनेला आंबट खावंसं वाटतंय सध्या. खरं तर गाडी चालवताना बोलायची बंदी आहे आम्हाला, पण मोडायचेच नियम तर एक काय नि दोन काय.

संप कशासाठी? त्या हिरव्या बसवाल्यांमुळे. आले, आणि स्टेशनच्या रस्त्यावर, जिथं गर्दी तिथंच, निम्म्या भाड्यात धावायला लागले. त्या रस्त्याच्या कमाईवर तर तुमच्या डोंगरातली ही रिकामी बस चालते! आता मालक म्हणतो, डोंगरातल्या फेऱ्या बंद. आम्ही म्हणतो, हिरव्यांचा परवाना रद्द करा. बरोबर आहे की नाही? बरोबरच आहे. फक्त — आमचा केंगो हिरवी चालवतो. मुलगा माझा. एकुलता एक. आम्ही जिंकलो की तो घरी बसणार, बायको अशी अवघडलेली असताना. आणि तो टिकला की मी — माझं सोडा हो, म्हातारा झालो — पण तुम्ही?

समोरून बस आली की ड्रायव्हरनं ड्रायव्हरला हात करायचा, हे मीच शिकवलं त्याला. मांडीवर बसवून, हातात ताटली देऊन — हे स्टिअरिंग, आणि हा असा हात! संप लागल्यापासून करत नाही. फोन नाही, हात नाही. बायकोला म्हटलं, त्यांच्या कंपनीनं बंदी घातली असेल, लाल बसला हात करायचा नाही म्हणून. आणि काल आमच्याच लाल बसवाल्या हिराओकाला केला की त्यानं! म्हणजे बंदीबिंदी काही नाही. म्हणजे फक्त मलाच — जाऊ दे.

ती बघा, पुलावर, हिरवी. तोच आहे, टोपी मागं सरकलेली, शंभरदा सांगितलं तरी — आजी, एवढं करा माझं. मी रस्त्याकडं बघतो, तुम्ही त्याच्याकडं बघा. हा मी केला हात —

केला का त्यानं?

आजी?

...दवाखाना आला. सावकाश उतरा. आणि ती संत्री घेऊन जा, माझ्याच्यानं नाही पोचायची ती सुनेपर्यंत.